टेबलावरची दोन गावं

शनिवारी मावशी येणार होती, आणि त्या आठवड्यात घरातलं कोणीच धड एका जागी बसत नव्हतं.

आजोबांचं तर विचारूच नका. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. "आधी बूड टेका, मग रेघ मारा," हे वाक्य त्यांनी वर्गात इतक्यांदा म्हटलं होतं की जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले तरी तेच म्हणून दाखवत. आता त्यांचं स्वतःचंच बूड टेकेना. खुर्चीत बसले की पेपर उघडायचे, पेपर उघडला की चष्मा सापडायचा नाही, चष्मा शोधायला उठले की खिडकीशी जाऊन उभे राहायचे, आणि कशाला उठलो होतो तेच विसरायचे.

कारण सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या मुलाने उन्हाळ्यात दुसरं लग्न केलं. मुलगा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. त्याची पहिली बायको मूल तान्हं असतानाच गेली. नवी सून दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिचाही नवरा वारलेला. तिच्याबरोबर तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी या घरात आली. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण इकडून तिकडे जाताना ती कधी रिकाम्या हाताने दिसायची नाही. पेन्सिल, चमचा, मोज्यांचा जोड, काहीतरी वाहून नेत असायची. येऊन इतके महिने झाले, पण पोर बोलत नव्हती. विचारलं तर उत्तर द्यायची, आणि तेही एवढंसं. आजोबांना ती "सर" म्हणे. शेजारची मुलं चित्रकला शिकायला येत, ती तसं म्हणत, म्हणून हीही.

मावशी म्हणजे मुंगीच्या आईची थोरली बहीण, एकटी राहणारी, दुकानात नोकरी करणारी. तिचं म्हणणं होतं, पोर तिथे रुळत नसेल तर माझ्याकडे राहू दे; जुनी शाळा आहे, जुन्या मैत्रिणी आहेत, माझ्या घरात कोण आहे दुसरं? त्यावर फोनवर बरंच बोलणं झालं, थोडं रडणंही झालं. शेवटी ठरलं की नाताळाआधीच्या शनिवारी मावशी येईल आणि मुंगीलाच विचारायचं. ती म्हणेल तसं. तोवर कोणी तिला पढवायचं नाही आणि कोणी लालूच दाखवायची नाही.

हे शेवटचं आजोबांना फार जड गेलं. लहान मुलाला आपलंसं करायचं तर त्याच्याबरोबर काहीतरी हाताने करावं, एवढी एकच विद्या त्यांच्याजवळ होती. ती लालूच धरायची की नाही?

सुदैवाने गाव मांडायची वेळ आली होती.

दर नाताळाला पुढच्या खोलीत, भिंतीला टेकून ठेवलेल्या लांब टेबलावर, आजोबा आणि त्यांचा नातू एक छोटंसं गाव मांडत. नातवाला घरात टोप्या म्हणत. जेवतानाही लोकरीची टोपी काढायचा नाही. त्यांच्या गावातली घरं चिनी मातीची होती, दरवर्षी एक नवीन आणायचं. चर्च, स्टेशन, बेकरी, घड्याळाचा मनोरा. प्रत्येकाच्या पोटात एक दिवा, म्हणजे खोलीतला दिवा मालवला की खिडक्या पिवळ्या उजळत. आरशाचं तळं, कापसाचा बर्फ. आणि एक नियम: एकदा गाव मांडलं की नवीन वर्ष लागेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पाहुण्यांच्या मुलांना टोप्या हे दारातच सांगायचा. मुंगीलाही त्याने मांडणीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि आजोबांनी मान डोलावली.

मुंगी ऐकून आत गेली आणि बुटांचा एक खोका घेऊन आली. त्यात तिचं गाव होतं.

औषधांच्या खोक्यांची घरं. तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. रिकामी खोकी उलटी करून, कोऱ्या बाजूवर रंग देऊन, लेकीबरोबर त्यांनी ती चिकटवली होती. एक घर उचलून आजोबांनी आत डोकावलं तर आतल्या भिंतीवर छापलेलं: लहान मुलांपासून दूर ठेवा. ते मोठ्याने हसले. मुंगीही किंचित हसली. त्या हसण्यावर आजोबा दिवसभर खूश होते. खोक्यात माणसंही होती, काडेपेटीतल्या काड्यांची. अंगाला रंगीत दोरा गुंडाळलेला, गुलाचं लाल डोकं हीच टोपी, पायाखाली मातीची इवलीशी गोळी.

टोप्याने एक काडी स्टेशनमास्तरशेजारी उभी करून पाहिली. ती त्याच्या गुडघ्याला लागत होती.

"हे काय, बुटक्यांचं गाव?"

मुंगीने काडी उचलून खोक्यात ठेवली आणि झाकण लावलं.

टोप्याचं अगदीच चूक नव्हतं. चिनी मातीच्या एकेका दारातून औषधाचं अख्खं घर आत गेलं असतं. पण आजोबांच्या दृष्टीने हा प्रश्न सोपा होता, असे प्रश्न सोडवण्यातच त्यांची हयात गेली होती. त्यांनी दोन्ही मुलांना खिडकीशी नेलं.

"एक डोळा मिटा. अंगठा पुढे धरा. समोरची इमारत झाकली?"

झाकली.

"मोठं कोण, इमारत की अंगठा?"

"इमारत," टोप्या म्हणाला.

"मग लपली कशी?"

टोप्याने अंगठा मागेपुढे करून पाहिला. मुंगी हळूच म्हणाली, ती लांब आहे म्हणून. आजोबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने गणितातलं बक्षीस मिळवलं.

मग काय, माणसाला हुरूप आला. थर्माकोलची टेकडी कापली, ती टेबलाच्या मागच्या कडेला, भिंतीला लावून बसवली. सुनेने दवाखान्यातून मुदत संपत आलेलं प्लास्टर आणलं, दातांचे साचे करतात ते. तिने ते वाटीत कालवलं आणि बजावलं की भरभर हात चालवा, हे कोणासाठी थांबत नाही. मुंगीने फक्त एक विचारलं, तिथून खाली यायला रस्ता आहे का? आजोबा म्हणाले, वा, चांगली आठवण केलीस. आणि टेकडीवरून वळणं घेत तळ्यापर्यंत उतरणारा रस्ता केला, पुढे रुंद, मागे दोऱ्याएवढा. टेकडीवर औषधांची घरं बसली. संध्याकाळी मुलाने तारा जोडल्या आणि खोलीतला दिवा मालवला. टेबल जेमतेम दोन हात रुंद, पण गाव कोसभर लांब गेल्यासारखं दिसत होतं. टोप्यासुद्धा म्हणाला, भारी दिसतंय.

मुंगी सगळ्यांच्या मागे उभी होती. ती टाचा उंचावून टेकडीकडे बघत होती.

तिथून पुढे घरातली बेचैनी वाढतच गेली. सून स्वयंपाकघरात एकच भांडं दोनदा घासायची. मुलगा कामावरून आला की दाराच्या बिजागरीला तेल घालायचा, कुरकुरत नसली तरी. आणि गावात काहीतरी बिघडायला लागलं. सकाळी पाहावं तर टेकडीवरचं एखादं घर तिरकं झालेलं. एकदा बेकरीच कडेला सरकली होती, आरशाच्या तळ्यावर कापूस सांडलेला. काड्यांची माणसंही काल होती तिथे आज नसायची.

टोप्या सरळ म्हणाला, तीच हात लावते. मुंगी तेव्हा आतल्या खोलीत होती, पण दार उघडं होतं.

आजोबांनी त्याला गप्प केलं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणावर आळ घेऊ नये. त्यांनी आपला शोध लावला: भिंतीच्या पलीकडे न्हाणीघरात कपडे धुण्याचं यंत्र आहे, ते पिळायला लागलं की भिंत थरथरते, भिंतीबरोबर टेबल. त्यांनी यंत्र चालू करून, टेबलावर तळहात ठेवून पाहिलं. थरथरत होतं, थोडंसं. माणसाला जे सापडायला हवं असतं ते सापडतंच.

आणि मग गुरुवारी, मुलं शाळेत असताना, त्यांनी उपाय केला. पोरीवर परत आळ नको, शनिवारी तर नकोच. त्यांनी प्लास्टर कालवलं. चिनी मातीची घरं खाली गोंद लावून बसवली. टेकडीवरची औषधांची घरं उचलून खाली प्लास्टरचा थर दिला. काड्यांच्या माणसांच्या पायाखालच्या मातीच्या गोळ्या काढून टाकल्या आणि एकेकाला ओल्या प्लास्टरात रोवलं. रांग नीट लावली, मागची माणसं अंमळ जवळजवळ, म्हणजे अंतर आणखी खरं वाटेल. काम सुबक झालं. फार दिवसांनी ते खुर्चीत बसले आणि बसून राहिले.

मुंगी शाळेतून आली. दप्तर न उतरवताच टेबलाकडे गेली. मग तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, जरा थबकली, आजोबांकडे पाहिलं. आजोबा हसले आणि म्हणाले, बघ, आता काही हलणार नाही. ती स्टुलावर चढली, टेबलावर ओणवी झाली, पोट बेकरीच्या छपराला लागलं, आणि तिने हात लांब करून टेकडीवरची एक काडी चिमटीत धरली. काडी निघेना. तिने जोर लावला. काडी मधूनच मोडली.

ती खाली उतरली. मोडलेला तुकडा मुठीत ठेवून आत गेली. थोड्या वेळाने आजोबा दारात जाऊन बघतात तो पलंगावर तिची प्रवासाची पिशवी उघडी, आणि ती फ्रॉकच्या घड्या घालून त्यात ठेवते आहे. शांतपणे, एकेक.

"काय झालं गं?"

"काही नाही, सर."

आजोबा परत खुर्चीकडे आले, पण बसले नाहीत. खुर्चीभोवती फिरत राहिले.

संध्याकाळी सून आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं, यंत्राचं, प्लास्टरचं, पिशवीचं. सून चप्पल न काढताच टेबलापाशी गेली. रांगेत रोवलेली काड्यांची माणसं तिने पाहिली आणि तिथेच स्टुलावर बसली.

मग तिने सांगितलं. दुकान बंद करून तिचा नवरा घरी आला की बापलेकीचा एक खेळ असायचा. रोज गावातल्या एका माणसाला कुठेतरी पाठवायचं. आज पोस्टमन डॉक्टरांकडे गेला, आज शिंपीणबाई बहिणीकडे राहायला गेल्या. दुसऱ्या दिवशी तो माणूस परत यायचा किंवा नाही यायचा, त्यावरून वाद व्हायचे. गाव मांडून झालं असं त्यांच्याकडे कधी नव्हतंच. ते नाताळ संपेपर्यंत चालूच असायचं. नवरा गेल्यानंतर पहिल्या वर्षी खोका उघडलाच नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. "मला वाटलं ती विसरली," सून म्हणाली. "आणि ती बिचारी इथे कोणाच्या नकळत एकटीच चालवत होती, बाबा."

आजोबा टेबलाशी येऊन उभे राहिले. पोरीचे हात तिथे पोचत नव्हते, म्हणून ती स्टुलावर चढून ओणवी होत होती, म्हणून बेकरी सरकत होती. अंगठ्याचा धडा बरोबर होता, टेकडी बरोबर होती, चित्र तर फारच बरोबर होतं. चित्र बघायचं असतं. तिचं गाव बघायचं नव्हतं.

शुक्रवार कसाबसा गेला. मुंगीला कोणी काही विचारलं नाही. पिशवी दाराशी येऊन उभी राहिली होती.

शनिवारी सकाळी नाश्ता आटोपताच आजोबा मुंगीसमोर जाऊन उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले.

"मी तुझी माणसं पक्की करून टाकली. चुकलं माझं. काढायला मदत करशील?"

मुंगीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. लालूच आहे की काय, हे तीही तपासत असावी. मग म्हणाली, "मोडतील."

"मोडायची नाहीत," स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली. ती कोमट पाण्याची वाटी आणि दवाखान्यातून बाद झालेली बारीक, टोकदार हत्यारं घेऊन आली. प्लास्टर भिजवून ठेवलं की सैल पडतं, मग कडेकडेने कोरायचं. आयुष्यात पहिल्यांदाच रोगी ओरडणार नाहीत, म्हणाली.

पण तिथे कोणाचाच हात नीट पोचेना. शेवटी मुलगा आणि टोप्याने मिळून टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं. टोप्याला ते मुळीच आवडलं नाही. आता मागच्या बाजूने सगळं दिसत होतं: घरांच्या न रंगवलेल्या पाठी, दिव्यांची भोकं, तारांचा गुंता, टेकडीचा उघडा थर्माकोल. लांबचं गाव लांब राहिलंच नाही. एका बाजूला राक्षसांची घरं आणि दुसऱ्या बाजूला औषधांची खोकी, एवढंच उरलं.

"वाट लागली सगळ्याची," टोप्या म्हणाला. मग जरा वेळाने, मुंगीकडे न बघता: "हलवायची होती तर विचारायचं ना."

"तू म्हणालास हात लावायचा नाही."

टोप्याने टोपी पुढे ओढली, मागे ओढली. मग एक हत्यार उचलून तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला आणि कोरायला लागला. आजोबांनीही सुरुवात केली, पण त्यांनी पहिलीच काडी डोक्याकडून धरली. मुंगीने त्यांचा हात थांबवला. "सर, तिथून नाही. पायाकडून." आजोबांनी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखी पकड बदलली.

घंटा वाजली तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस जमिनीवर गुडघे टेकून होतं आणि प्रत्येकाच्या बाहीला पांढरं लागलं होतं. मावशी लवकर आली होती. तिला बसायला जागाही कोणी धड दिली नाही. ती मफलर सोडत दारातच उभी राहिली. तिने दाराजवळची भरलेली पिशवी पाहिली, बहिणीचा चेहरा पाहिला, आणि जे विचारायला आली होती ते तिला तिथल्या तिथे विचारून टाकावंसं वाटलं असावं.

"काय गं मुंगी, ठरलं का?"

मुलाच्या हातातलं हत्यार थांबलं. सून वाटीतल्या पाण्याकडे बघत राहिली. आजोबांना वाटलं, आता बोलावं, काहीतरी सांगावं, शब्द तोंडाशी आलेही. पण ठरलेलं होतं. त्यांनी दात आवळले.

"थांब, मावशी," मुंगी म्हणाली. "एवढी शिंपीणबाई निघू दे."

शिंपीणबाई निघायला बराच वेळ लागला. तोवर मावशीने कोट काढला, मग बांगड्या वर सारल्या, आणि मग कोणी न सांगता तीही खाली बसली. एक काडी तिच्या हातून मोडली. दुसरी आजोबांच्या. बाकीची सगळी निघाली, घरंही निघाली, दोन-तीन घरांची बुडं फाटून. मुंगीने नव्याने मातीच्या गोळ्या केल्या, प्रत्येकाला पाय दिले आणि माणसं टेबलाच्या कडेला ओळीने वाळत ठेवली.

हात धुऊन आली. पिशवी उचलली.

"मी येते तुझ्याबरोबर," ती मावशीला म्हणाली. "दोन दिवस. नाताळाला मला परत सोड."

मावशीने सुनेकडे पाहिलं. सुनेचा हात नुसताच हवेत वर गेला आणि खाली आला. मावशी खाली वाकली आणि तिने बुटांच्या रिकाम्या खोक्याकडे बोट दाखवलं. "आणि गाव? ते न्यायचं नाही?"

"तिकडे ते कोण चालवेल? तू दिवसभर दुकानात." मुंगी सांगत होती ते रागाने नव्हे, साधी गोष्ट सांगावी तसं. मावशीने तिच्या गालावरचं प्लास्टर पुसलं, उगाच जास्त वेळ पुसत राहिली, आणि म्हणाली, बरं बाई, दोन दिवस तर दोन दिवस.

आजोबांना राहवलं नाही. "दोन म्हणजे दोनच ना?"

"सर," मुंगी म्हणाली, "मी परवा येणार आहे," आणि दारातून मागे वळली ती टोप्यासाठी. त्याला तिने बजावलं: रोज एकालाच पाठवायचं, सगळ्यांना एकदम नाही. पोस्टमनला बेकरीत सोडू नकोस, तो खातच बसतो. आणि कोण कुठे गेलं ते लक्षात ठेव, मी विचारणार.

टोप्या ऐकत होता. मग तो स्टेशनाकडे बोट दाखवून म्हणाला, आमचा स्टेशनमास्तर मात्र कुठे जाऊ शकत नाही. तो फलाटाला चिकटूनच आलाय, दुकानातूनच.

मुंगीने त्यावर खरंच विचार केला. बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला, मावशीने तिचा हात धरला.

"मग बाकीच्यांना त्याच्याकडे पाठव," ती म्हणाली, आणि गेली.

दार लागल्यावर आजोबा खुर्चीत बसले, उठले, खिडकीशी गेले. टोप्या टेबलाभोवती फेऱ्या मारत होता. एक काडी उचलायचा, परत ठेवायचा. माती अजून ओली होती, कोणीच नीट उभं राहत नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, आजोबा, आज कोणाला पाठवू? आजोबा म्हणाले, मला काय माहीत, मी या गावात नवीन आहे.